वाचक विचारतात : उपवासाचं ताट, तिथीची भरती आणि गोठलेलं खोबरेल

या वेळी आलेली बहुतेक पत्रं घरातल्या वादातून लिहिलेली दिसतात. जेवताना कुणीतरी एखादी गोष्ट सांगितली, दुसऱ्याने 'काहीतरीच काय!' म्हटलं आणि पत्र आमच्याकडे आलं. असे प्रश्न आम्हाला फार आवडतात. म्हणून शक्य तिथे घरच्या घरी खात्री करून घेण्याची रीतही दिली आहे.

प्रश्न : पुतण्याने एकादशीला सांगितलं की साबुदाण्याच्या खिचडीतले मुख्य जिन्नस मूळचे भारतातले नाहीतच. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. खरं काय? (फोंडा)

पुतण्या बरोबर आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, म्हणजे टॅपिओका, दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढच्या शतकांत यातल्या बऱ्याच गोष्टी जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागल्या. रताळं, राजगिरा आणि लाल भोपळाही अमेरिकेतलेच. जिरं पश्चिमेकडून आलं, पण ते इतक्या जुन्या काळी की त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नाही.

सासूबाईंनी मात्र नाराज होऊ नये. वरीचे तांदूळ, शिंगाडा, काकडी, आमसूल आणि दूध-दही ही सगळी इथलीच. पूर्वी तिखटपणा मिऱ्यांचा असे आणि मिरची हे नाव त्या मिऱ्यांवरूनच पडलं. वरीचा भात, ओलं खोबरं घातलेली काकडीची कोशिंबीर, शिंगाड्याचा शिरा आणि मिरपूड घातलेली सोलकढी असं ताट वाढलं, तर त्यात पोर्तुगीजांनी आणलेलं काही नसेल.

साबुदाणा हे धान्य नाही, हेही बऱ्याच जणांना नवं वाटतं. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडाच्या खोडातल्या पिठाचा. 'साबू' हा शब्दही मलय भाषेतल्या 'सागू'वरून आला. आपल्याकडे तामिळनाडूत सेलमच्या परिसरात तो कसाव्यापासून करतात. कंद सोलून, किसून धुतात, खाली बसलेलं पांढरं सत्त्व ओलसर असताना हलवून हलवून त्याचे गोळे करतात, तापलेल्या तव्यावर ते अर्धवट शिजवतात आणि मग वाळवतात. म्हणजे हातात येतो तो दाणा वरून अर्धा शिजलेला आणि आत कच्चा असतो. खिचडीचा चिकट गोळा का होतो, याचं कारण इथेच आहे. एक वाटी साबुदाणा पाणी दुधाळ दिसेनासं होईपर्यंत, साधारण तीन वेळा धुवावा, कारण सुटं पीठच सगळ्यात आधी चिकटतं. मग दाण्यांच्या पातळीला जेमतेम पोचेल इतकंच पाणी ठेवून चार-पाच तास झाकावं, मोठा दाणा असेल तर रात्रभर. दाणा चिमटीत दाबला की सरळ पिठासारखा चिरडला पाहिजे; आत टणक कण लागला तर पाण्याचा एक हबका मारून आणखी अर्धा तास थांबावं. अर्धी वाटी दाण्याचं कूट कढईत नव्हे, आधीच भिजलेल्या साबुदाण्याला चोळावं. त्याने वरची ओल शोषली जाते आणि दाणा दाण्याला धरत नाही. दाणे पारदर्शक दिसले की आच बंद. त्यानंतर परतत राहिलं की खिचडी चिवट होते.

प्रश्न : पाव पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, हे खरं का? (म्हापसा)

नाही. पोर्तुगीज भाषेत भाकरीला 'पांव' असा नाकातून उच्चार असलेला शब्द आहे, त्याचा हा पाव. सकाळी भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, हा शब्द 'पादेरु'चा. पगार, लिलाव, चावी, बादली, घमेलं, अननस, कोबी, नाताळ हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. पायांच्या कथेमागे एक खरी गोष्ट आहे ती मळण्याची नाही, फुगवण्याची. गोव्यात पूर्वी पाव फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. तिच्यात हवेतलं यीस्ट आपोआप वाढतं आणि तेच पीठ फुगवतं.

प्रश्न : आजोबा म्हणायचे, 'तिथीला पाऊण्याने गुण, भरतीची वेळ कळेल.' या हिशेबात तथ्य आहे का? (शिरोडा)

आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अष्टमी असेल तर आठाचे तीन चतुर्थांश सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वा अकरा. ओहोटी त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी.

हे जमतं चंद्रामुळे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्यासमोर पुन्हा यायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून आज दहाला भरती असली तर उद्या ती दहा पन्नासच्या आसपास. पंधरवड्यात ही ५०-५० मिनिटं साठून बारा तासांहून थोडी जास्त होतात. दोन भरत्यांमधलं अंतरही जवळजवळ तेवढंच, १२ तास २५ मिनिटं, असतं. त्यामुळे पंधरा तिथींनंतर तेच वेळापत्रक पुन्हा लागू होतं.

आजोबांच्या सूत्रात ५० ऐवजी ४५ मिनिटं धरली आहेत, कारण तोंडी हिशेबाला पाऊण सोपा. त्याची किंमत पक्ष बदलताना मोजावी लागते. पौर्णिमेला सव्वा अकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजता, अशी दीड तासाची उडी सूत्रात येते. समुद्रात ती नसते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून मुरगावला ती मुंबईच्या आधी येते. आणि शिरोड्यासारख्या जुवारी नदीच्या काठच्या गावी, म्हणजे मुखापासून आत, ती मुखापेक्षा उशिरा पोचते. तेव्हा सूत्राने आलेली वेळ तासभर इकडेतिकडे होणार असं धरूनच चालावं. तिसऱ्या (शिंपले) वेचायला जायचं तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी वळलं की बाहेर पडावं. होडी काढायची असेल, तर मात्र अंदाजावर न जाता मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टकच बघावं.

उधाण पौर्णिमा-अमावास्येला येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सगळ्यात मोठी भरती बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. मुरगावला उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, मुंबईला पाच मीटरच्या आसपास आणि खंभातच्या आखातात त्याच्याही दुप्पट. तिकडे किनाऱ्यालगतचा उथळ तळ रुंद आहे आणि आखात आत निमुळतं होत जातं. पाण्याला पसरायला जागा नसली की ते वर चढतं.

याच चढउतारावर आपली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, उभी आहे. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, लाकडी झडप एकदा जवळून बघावी. ती वरच्या बाजूला टांगलेली असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ती चौकटीवर घट्ट बसते आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. दिवसातून दोनदा, कुणी हात न लावता. झडपेच्या कडेला शेवाळ, शिंपले किंवा काटकी अडकली तर फट राहते आणि एका उधाणात शेतात खारं पाणी शिरतं. म्हणून कडा खरवडून साफ ठेवणं हे बांध भरण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

प्रश्न : काजूचा बोंडू आपण सरळ खातो, पण कच्ची बी दाताने फोडली की ओठ भाजतात. एकाच फळाचे दोन गुण कसे? (वाळपई)

कारण ते एक फळ नाही. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ खाली लटकणारी बी. तिच्या सालीच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत दाहक तेल भरलेलं असतं. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या चिकाने ओठाला पुरळ येतं, बिब्ब्याचा डाग कपड्यावरून जात नाही आणि काजूच्या सालीने कातडी सोलवटते, ती एकाच जातीच्या रसायनांमुळे.

ओले काजूगर काढायचे तर हातांना खोबरेल किंवा एरंडेल आधी भरपूर चोळावं, वर राख लावली तर आणखी बरं. बी उभी चिरून गर सुरीच्या टोकाने काढावा, बोटाने नाही. गर गरम पाण्यात टाकले की आतली पातळ साल निसटते. सालीचं तेल लागलंच तर लगेच साबणाने धुवावं. नुसत्या पाण्याने ते निघत नाही, उलट पसरतं. त्या हाताने डोळे चोळू नयेत, आलेला फोड फोडू नये. बिया भाजायच्या त्या उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. बंद स्वयंपाकघरात कधीही नाही. तेल पेट घेतं आणि त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला तसाच भाजतो.

आंब्याचंही थोडं सांभाळावं. काढताना बोटाच्या पेराएवढा देठ ठेवावा. देठ मोडल्यावर चिकाची चिळकांडी पहिल्या मिनिटातच उडते, म्हणून फळ तोंडापासून लांब धरून देठाची बाजू खाली करून अर्धा तास ठेवावं, मग धुवावं.

प्रश्न : 'मानकुराद' हे नाव कशावरून? (डिचोली)

पोर्तुगीज 'मालकोराद' म्हणजे रंगाने कमी असलेला. पिकला तरी सालीवर एकसारखा रंग चढत नाही म्हणून हे नाव पडलं. चवीने त्याने ते कधीच खोटं पाडलं आहे. हापूस हे नाव गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कच्या नावावरून आलं. आंब्याची कलमं बांधण्याची रीत गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी रुजवली, म्हणूनच आपल्या इतक्या आंब्यांना पोर्तुगीज नावं आहेत.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी बारा वाजता सावली पायाखाली यायला हवी ना? आमच्या अंगणात ती येत नाही. (साखळी)

घड्याळ खोटं नाही, ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची वेळ दाखवतं. गोवा ७४ अंशांच्या आसपास आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर. 'सरासरी' म्हणण्याचं कारण आहे : पणजीत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ही वेळ जवळजवळ १२.४९ पर्यंत जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ वर येते. मेच्या सुरुवातीला ती १२.३२ च्या जवळ असते.

सावली पूर्ण नाहीशी होण्याचे दिवस वर्षात दोनच. पणजीच्या अक्षांशावर ते २ किंवा ३ मे आणि १० ऑगस्टच्या आसपास. काणकोणात मेमधला दिवस एक-दोन दिवस आधी आणि ऑगस्टमधला तितकाच नंतर. ऑगस्टात बहुधा ढग असतात, म्हणून मेचा दिवसच धरावा. सरळ उभ्या बाजूंचा पाइपचा तुकडा किंवा स्टीलचा पेला घ्यावा. फरशी सपाट आहे ना हे बशीत पाणी ठेवून बघावं, कारण अंगणाच्या थोड्या उतारानेही सावली डोकावते. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करावी. सावली आखूड होत होत पेल्याच्या बुडाखाली जाते आणि काही मिनिटांत दुसऱ्या बाजूने बाहेर येते. त्याच वेळी विहिरीत डोकावलं तर सूर्याचं प्रतिबिंब पाण्यावर दिसतं, पण त्याच्याकडे टक लावून बघू नये. मुलांना तर मुळीच नाही. त्यांच्या हाती खडूच द्यावा.

प्रश्न : नाताळाच्या दिवसांत खोबरेल गोठलं. त्यात भेसळ आहे असं समजावं का? (केपे)

उलट. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठणारच, आणि डिसेंबर-जानेवारीत गोव्यातली पहाट त्याहून थंड असते. भेसळीची शंका असेल तर पारदर्शक पेल्यात थोडं तेल घेऊन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, अर्धा तास ठेवावं. शुद्ध खोबरेल सगळं एकसारखं पांढरं गोठतं. दुसरं तेल मिसळलेलं असेल तर त्याचा पातळ थर वेगळा राहतो. गोठलेलं तेल विस्तवावर ठेवण्याची गरज नाही; बाटली कोमट पाण्यात उभी केली की पुरे.

प्रश्न : बातम्यांत '१०० मिलिमीटर पाऊस' म्हणतात. म्हणजे किती पाणी? घरी मोजता येतं का? (पेडणे)

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळा गुणाकार. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ८० चौरस मीटरच्या छपरावर त्याचं २,४०,००० लिटर पाणी होतं. गळती, शिंतोडे आणि पहिल्या सरीचं सोडून द्यायचं मळकं पाणी यांचा पाचवा हिस्सा वजा केला तरी १,९२,००० लिटर उरतं. दहा हजार लिटरचे एकोणीस टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे. छपराचं माप घेताना उतरती कौलं मोजू नयेत. छपराखाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते, तेवढीच धरावी.

मोजायला सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली पुरते. मान जिथे निमुळती होऊ लागते तिथे कापावी, वरचा तुकडा उलटा करून गाळण्यासारखा तोंडावर बसवावा आणि कडेला चिकटपट्टी लावावी. तळ खडबडीत असतो, म्हणून आधी चार खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरावं आणि तिथे शून्याची खूण करावी. त्याच्या वर पट्टी चिकटवावी. बाटली भिंतीपासून किंवा माडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावी, नाहीतर झावळ्यांवरून ठिबकणारं पाणीच मोजलं जातं. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद करावी आणि पाणी पुन्हा शून्यावर आणावं. सगळ्यात जास्त चूक होते ती वेगळं, रुंद नरसाळं लावल्याने. मग पाऊस आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर ओलांडले की खातं त्याला 'जोरदार' म्हणतं आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. बाटलीतला आकडा त्याच्याशी ताडून बघावा.

प्रश्न : मिठागरातलं जाड मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं, पाकिटातलं बारीक मीठ तितकं नाही. का? (दिवाडी)

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. आगरातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही पाणी ओढतात. पाकिटातल्या मिठातून ते बरेचसे काढलेले असतात. घरी करायचं ते एवढंच : जाड मीठ टोपलीत ठेवून खाली भांडं ठेवावं. ठिबकणाऱ्या कडवट पाण्याबरोबर हे क्षारही थोडे निघून जातात. मग चिनी मातीच्या बरणीत भरावं. भाजल्याने मीठ तेवढ्यापुरतं सुकतं. मॅग्नेशियम आतच राहतं आणि आठवड्यात मीठ पुन्हा पाझरतं.

प्रश्न : रोयणीवरची (वाळवीच्या वारुळावरची) अळमी बाजारात इतकी महाग असतात, तर त्यांची लागवड का करत नाहीत? (सत्तरी)

कारण त्यांची लागवड वाळवी करते आणि ते काम माणसाला अजून जमलेलं नाही. वाळवी चघळलेल्या पाल्या-लाकडाचे स्पंजासारखे गठ्ठे वारुळात रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लाकूड पचवायला बुरशी मदत करते आणि बदल्यात तिला उबदार, ओलसर जागा मिळते. पावसाने माती भिजली की जुलै-ऑगस्टमध्ये तिची छत्री वर येते. देठ मुळासारखा खोल जातो तो थेट त्या गठ्ठ्यापर्यंत. म्हणून अळमी खणून काढू नयेत, जमिनीलगत मोडून घ्यावीत. वारूळ फुटलं तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवेलच असं नाही. पूर्ण उघडलेल्या चार-पाच छत्र्या तशाच सोडाव्यात, त्यांतून बीजकण पडतात.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसणाचा रंग बदलतो का, किडे लागले आहेत का, यातल्या कुठल्याही परीक्षेने विषारी अळमी ओळखता येत नाहीत. विषारी जाती शिजवूनही विषारीच राहतात. वर्षानुवर्षं वेचणाऱ्या माणसाने ती रोयणीवरून वेचताना स्वतः ओळखलेली नसतील, तर ती घरी आणू नयेत.